पुण्यातलं घर की मुळशीतलं शेत? आधी चादरी कुठे वाळतात ते बघा

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या सहा-सात जणांनी तरी मला हे विचारलं असेल. "पर्यावरणाला धरून, आसपासच्या लोकांना चार पैसे मिळतील असं छोटंसं निवास-न्याहारी काढायचंय. पुण्यातल्या घरात काढू, की मुळशी-भोरकडे शेतावर?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं, त्याला फक्त माझी मान हलायला हवी असते. शेतावर. सारवलेली जमीन, चुलीवरची भाकरी, समोर धुक्यातला डोंगर. शहरात कसलं आलंय पर्यावरण?

मी दोन्ही करून बघितलंय. ताम्हिणीच्या रस्त्याला आमची वडिलोपार्जित दीड एकर जमीन आहे, तिथे तीन खोल्या चार पावसाळे चालवल्या. त्यानंतर डेक्कनजवळच्या आमच्या जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या सुरू केल्या, त्या आजही चालू आहेत. त्यामुळे पुढे जे लिहितोय तो अनुभव आहे, अभ्यास नाही. तुमची जमीन, तुमचं घर, तुमचं माणूसबळ वेगळं असेल आणि माझं म्हणणं तुम्हाला लागू पडणारही नाही. बुकिंगची ॲप्स, दर, फोटो कसे काढायचे या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरतो.

जमिनीचं मात्र आधी सांगायला हवं, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर तुम्ही आधीपासून शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावर नाव नसेल तर 'करून देतो, साहेब' म्हणणारे भेटतात. त्यांच्या चहालाही बसू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, त्याखाली नोंदणी करायची तर किमान एक एकर शेती लागते. शहरात त्यामानाने सुटसुटीत आहे. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत सहा खोल्यांपर्यंत मुभा आहे, अट एवढीच की मालकाने स्वतः त्या घरात राहायला हवं. तुमचं घर सोसायटीत असेल तर सेक्रेटरी नावाचं एक वेगळं खातं आहे, त्याचं धोरण मला सांगता येणार नाही.

कचरा आणि पाणी

कचऱ्याच्या बाबतीत शहर पुढे आहे असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण बघा. पुण्यात रोज सकाळी आमच्या दारात 'स्वच्छ'च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ सालची, तिच्यातूनच पुढे ही सहकारी संस्था उभी राहिली. पाहुण्यांनी आणलेला पुठ्ठा, डबे, बाटल्या ताई वेगळ्या काढतात आणि विकतात, तो पैसा त्यांचा. आमचं काम एवढंच की ओला-सुका मिसळू द्यायचा नाही. ओला कचरा मागच्या अंगणातल्या बायोगॅसच्या टाकीत जातो. पुण्याच्याच 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारं घरगुती सयंत्र बनवलं आणि त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कारही मिळाला, त्याच पद्धतीची ही टाकी. तीन खोल्यांच्या खरकट्यावर सकाळचा चहा आणि पोहे निघतात. थंडीत गॅस मंदावतो, तेव्हा पोहे सिलिंडरवर.

मुळशीत ओल्या कचऱ्याचा प्रश्नच नव्हता. गाय होती, उरलेलं शेणखताच्या खड्ड्यात. पण सुका? वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, लहान मुलांचे डायपर. तिथे घ्यायला कोणी येत नाही. एका सकाळी गोठ्यामागे गेलो तर राखेचा ढीग, त्यात अर्धवट वितळलेल्या बाटल्या. आमच्या गड्याची काही चूक नव्हती. त्याच्या घरी कचरा असाच संपतो आणि मी त्याला दुसरा मार्ग सांगितलेला नव्हता. मग मी ते सगळं पोत्यात भरून गाडीतून पुण्यात आणायला लागलो. म्हणजे मुळशीतल्या माझ्या पर्यावरणपूरक घराचा कचरा शेवटी डेक्कनच्या ताईच वेचत होत्या.

पाण्याचंही तसंच. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तिथे म्हण राहत नाही. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, हे शाळेत शिकलो होतो. आपण त्याच पाण्याच्या काठावर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसू, हे मात्र शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आमची विहीर चैत्र संपेपर्यंत तळ दाखवते. वाडीतल्या बाया दोन-दोन हंडे घेऊन उताराने येतात आणि आमच्या न्हाणीघरात पाहुणा वीस मिनिटं शॉवरखाली उभा. ते दृश्य मी एका मे महिन्यात पाहिलं आणि त्या दिवसापासून शॉवर काढून बादल्या ठेवल्या. दोन पाहुण्यांनी त्याबद्दल तारे कापले. कापोत.

शहरात महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी येतं, गच्चीवरचं पावसाचं पाणी आम्ही बोअरला जोडलंय. सौरऊर्जा, पर्जन्यसंधारण, गांडूळखत यांपैकी एक केलंत तर मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केलेत तर दहा टक्के सूट मिळते. रक्कम मोठी नसते, पण बिलावर तो आकडा बघायला बरं वाटतं.

पैसा कोणाच्या घरात जातो

इथे शेताची बाजू जड आहे आणि ते कबूल करायलाच हवं. मुळशीत पाहुण्याचा रुपया कुठे गेला ते डोळ्यांना दिसायचं. तांदूळ शेजारच्या शेतातला, इंद्रायणी, कधी थोडा आंबेमोहर. न्याहारीला नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, नाहीतर घावन. करणाऱ्या वाडीतल्याच दोन वहिनी. मेच्या शेवटी काजवे बघायला पाहुणे आले की वाटाड्या म्हणून वाडीतला मुलगा. आणि गोधड्या. वाडीतल्या एका मावशी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात, टाके इतके बारीक की मोजताना चुकायला होतं. पहिल्या वर्षी पाहुण्यांनी त्यांच्या नऊ गोधड्या विकत नेल्या. मावशींनी त्या पैशांतून पत्रे बदलले. असं शहरात माझ्या हातून एकदाही घडलेलं नाही.

शहरात तोच पैसा पातळ होऊन पसरतो. थोडा परटाकडे, थोडा भाजीवाल्या मावशींकडे, थोडा थालिपीठाची भाजणी देणाऱ्या बचत गटाकडे. खोल्यांतले तांब्याचे तांबे-भांडी तांबट आळीतून आणली, त्यामुळे प्लास्टिकच्या बाटल्या ठेवाव्या लागत नाहीत. कपड्यांच्या टोपल्या बुरुड आळीतल्या. यातल्या कोणाचंच पोट माझ्या तीन खोल्यांवर नाही. पण यातली एकही गोष्ट आणायला मला गाडी काढावी लागत नाही, हेही तितकंच खरं.

आता चादरी

चादरींनी माझा निर्णय केला असं सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय.

तीन खोल्या, सहा गाद्या. एक मुक्काम झाला की सहा पलंगपोस, सहा अभ्रे, सहा पंचे, शिवाय पांघरुणं. मुळशीत खरा हंगाम कधी? पावसाळा. जून ते सप्टेंबर पुण्या-मुंबईचं माणूस धबधबे बघायला घाटाकडे धावतं, शनिवार-रविवार एकही खोली रिकामी नसते. आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत तिथे काहीही वाळत नाही. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. २०२४ च्या जुलैत, पंचवीस तारखेच्या सकाळपर्यंत, ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे पडतो. त्या हवेत सुती चादर वाळत घालायची म्हणजे तिला दोरीवर पाहुणी म्हणून ठेवण्यासारखं आहे. येते आणि जातच नाही.

त्यात हौस माझीच. आमच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'सर्व कापड सुती, हातमागाचं'. पांघरायला सोलापुरी चादरी. कोरडी असताना फार सुंदर वस्तू आहे ती, पण भिजली की पिळायला दोन माणसं लागतात आणि आषाढात वाळायला चार दिवस. पडवीत दोऱ्या बांधल्या. वाऱ्याबरोबर पावसाचे शिंतोडे आत येऊन वाळत आलेलं पुन्हा ओलं. चुलीच्या वर माळ्याखाली टांगल्या. वाळल्या, पण पाहुणा रात्रभर धुराच्या वासात झोपणार. रात्री पंखा लावून ठेवला तर दहाला वीज गेली ती पहाटे आली. ड्रायर घ्यावा म्हटलं, तर दोन हजार वॅटचं ते धूड आमच्या इन्व्हर्टरला झेपणारं नव्हतं. आणि झेपलं असतं तरी पाटीवरच्या त्या ओळीखाली ड्रायर घरघरताना कसा दिसला असता?

मग चादरींचे जास्तीचे जोड घेतले, म्हणजे ओल्या राहिल्या तरी चालेल. त्या कपाटात नुसत्या ठेवूनच कुबट झाल्या. कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. आता कापूर अधिक कुबट असा मिश्र वास यायला लागला. कोणीतरी सुचवलं की पॉलिस्टर मिसळलेल्या घ्या, तासाभरात वाळतात. खरं आहे. पण मग पाटी उतरवावी लागली असती.

शेवटी जे केलं ते सांगायला लाज वाटते. दर रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले की ओल्या चादरींची दोन बोचकी डिकीत टाकायची आणि डिझेलच्या गाडीने पुण्याला यायचं. भूगावच्या कोंडीत तास-तास उभं राहायचं, मागून ओल्या कापडाचा वास. सोमवारी पुण्यात परटाकडे, शुक्रवारी घडी घातलेल्या चादरी घेऊन परत मुळशी. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, दर आठवड्याला, हातमागाच्या चादरींसाठी. आमची ही एकदा त्या कोंडीतच म्हणाली, "अहो, पाहुण्यांनाच पुण्यात झोपवलं असतं तर?" मी हसलो नाही.

निर्णय मात्र एका ओढणीने झाला. नागपूरकडच्या एक आजी नातीबरोबर दोन रात्री राहिल्या होत्या. बोलायला गोड, गड्याला आवर्जून बक्षीस दिलं, अभिप्रायाच्या वहीत चार ओळी छान लिहिल्या. त्या गेल्यावर मी खोली आवरायला गेलो, तर नातीची एक ओढणी मागे राहिली होती. उशीवर नीट पसरलेली, चारी टोकं अभ्र्याखाली खोचलेली. मी ओढणी काढली आणि उशी नाकाशी नेली. दोन्ही रात्री त्यांनी काय केलं असेल ते कळलं. त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. कोणी तोंडावर तक्रार केली असती तर मी कदाचित आणखी एक पावसाळा रेटला असता.

आता पुण्यातलं ऐका. इथेही पाऊस पडतो, पण मधे उघडीप देतो. गच्चीवर पत्र्याखाली दोऱ्या आहेत, दोन तास वारा मिळाला की चादर अर्धी वाळते. उरलेली अर्धी कोपऱ्यावरचे परीट मामा वाळवतात. त्यांचं म्हणणं, इस्त्रीला चादर ओलसरच चांगली, कोरडी चादर कागदासारखी कडक होते. त्यांच्याकडे पूर्वी कोळशाची इस्त्री होती, आता गॅसवरची आहे. तिचा फाळ चादरीवरून फिरला की वाफेचा ढग उठतो आणि खालून कापड पांढरंशुभ्र, गरम बाहेर येतं. संध्याकाळी पाच वाजता मामांचा मुलगा सायकलवर घड्या आणून देतो. माझ्या व्यवसायातला सगळ्यात मोठा प्रश्न शंभर किलोमीटरवरून दोनशे पावलांवर आला तो असा. आणि महिन्याचे जे पैसे डिझेलला जायचे, त्यातले बरेचसे मामांना जातात.

मावशींच्या गोधड्या पुण्यातही आहेत. प्रत्येकीला पातळ सुती खोळ शिवून घेतली. धुवायची फक्त खोळ. ही साधी युक्ती मला मुळशीत चार वर्षांत सुचली नाही, हे सांगून टाकलेलं बरं. पण ती खोळसुद्धा तिथे आषाढात वाळली असती का, याची मला शंकाच आहे.

पाहुणे कोण येतात

याचा विचार मी आधी केला नव्हता. मुळशीत येणारा माणूस एक, फार तर दोन रात्री राहतो. शुक्रवारी येतो, रविवारी जातो, स्वतःच्या गाडीने. गाडीशिवाय मुळशीत येणारा पाहुणा चार वर्षांत एकच आला, तोही मित्राला लिफ्ट मागून. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती सरकारकडे चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते आणि आमच्या घरात रेंज नाही. एका फ्रेंच जोडप्याची माहिती भरायला मी छत्री धरून पठारावर चढलो होतो.

पुण्यात माणसं राहतात. कोणी अय्यंगार योग संस्थेत महिनाभर शिकायला आलेलं, कोणी भांडारकर संस्थेत पोथ्या बघायला आलेलं संशोधक, कोणी विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या फिल्मा चाळणारं. हे लोक स्टेशनवरून मेट्रोने डेक्कनला उतरतात आणि बॅग ओढत चालत येतात. सकाळी टेकडी, मग काम, संध्याकाळी वाचन. महिनाभर राहणाऱ्याची चादर आठवड्यातून एकदा बदलायची. चादरींचं गणित इथे पुन्हा येतं, माझा नाइलाज आहे.

शिवाय ही माणसं बोलायला बसतात. कन्नड हस्तलिखितं बघायला आलेले धारवाडचे एक सर न्याहारीच्या टेबलावर रोज एक शब्द मराठी-कानडीत कसा फिरला ते सांगायचे. मुळशीचे पाहुणे वाईट होते असं अजिबात नाही, पण धबधबा गाठायच्या घाईत असायचे.

मग काय करावं

तुमच्या नावावर शेत असेल, तुम्ही किंवा घरातलं कोणी बारा महिने तिथेच राहणार असेल आणि पावसाळ्यात चार महिने खोल्या बंद ठेवायची तयारी असेल, तर शेत नक्की करा. वाडीच्या घरांत जो फरक पडतो तो शहरात पडत नाही, आणि ऑक्टोबरातली भाताची शेतं मला अजूनही खुणावतात. आमचंही शेत बंद नाही. दसऱ्यानंतर उघडतो, शिमग्यापर्यंत चालवतो. वहिनी, गडी आणि गोधडीच्या मावशी तेव्हा कामाला असतात. पण पावसाळ्याचं उत्पन्न सोडायचं तर तीन खोल्यांवर बँकेचे हप्ते बसत नाहीत, हे लक्षात घ्या. कर्ज काढून शेतावर बांधकाम करायचं मनात असेल, तर मी भीत भीतच 'थांबा' म्हणेन.

शहरात जुनं घर असेल, त्यात तुम्ही स्वतः राहत असाल आणि कोपऱ्यावर परीट असेल, तर माझा कल कुठे आहे हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. त्या घराला गच्ची आहे ना एवढं बघा.

तरीही शेतावरच जायचं असेल तर जागा मे महिन्यात बघू नका, एजंट तेव्हाच दाखवतात. जुलैत दोन रात्री त्या वाडीत राहायला जा. जाताना घरची एक जाड सुती चादर न्या, पहिल्या दिवशी सकाळी धुऊन पडवीत टाका. तिसऱ्या दिवशी निघताना तिची घडी घाला आणि नाकाशी धरा. मग मला फोन करा. सकाळी नऊच्या आधी नको, त्या वेळी मी गच्चीवर असतो.